रानातील मुक्काम

गोमंतकाचे नाव निघाले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. माडांच्या रांगा, चर्चचे पांढरे मनोरे आणि देवळांपुढील दीपमाळा ही चित्रे आता देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली आहेत. परंतु याच चिमुकल्या प्रदेशाचा सुमारे एक पंचमांश भाग अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यान यांनी व्यापलेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. म्हादई, मोले, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव ही नावे किनाऱ्यावरच्या गर्दीच्या कानावरही जात नाहीत.

ही स्थिती आता पालटू लागली आहे. २०११ च्या शिरगणतीत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या जवळपास भरली होती. त्याच गोव्यात २०२४ साली आलेल्या प्रवाशांची संख्या सरकारी आकड्यांप्रमाणे एक कोटीच्या वर गेली. पेडणे तालुक्यातील मोपा येथे डिसेंबर २०२२ मध्ये नव्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात तेथून विमाने सुटू लागली. किनाऱ्याला कंटाळलेला प्रवासी आता डोंगराकडे वळत आहे. तो एक दिवस धबधबा पाहून परत फिरतो तोवर प्रश्न सोपा असतो. तो रात्री मुक्कामाला राहू लागला, म्हणजे त्याच्यासाठी छप्पर, पाणी, दिवा, चूल आणि शौचकूप यांची सोय करावी लागते. आणि ही सोय ज्या रानासाठी तो आला त्या रानालाच पुसून टाकणार नाही ना, हा विचार पुढे येतो. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

पेडणे आणि डिचोली हे उत्तर गोव्यातील दोन शेजारी तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेल्या नव्या काबिजादींत हे मोडतात. पेडण्याला शापोरा नदीच्या मुखापासून तेरेखोलच्या मुखापर्यंत समुद्र लाभला आहे. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल आणि केरी ही गावे त्याच्या काठी आहेत. डिचोलीला समुद्र नाही. तिच्या वाट्याला लोहखनिजाचे डोंगर आले. डिचोलीहून साखळीमार्गे पूर्वेकडे निघालेला रस्ता सत्तरी तालुक्यातील दुसऱ्या केरी गावावरून, अंजुणे धरणाच्या बाजूने चोर्ला घाट चढतो आणि बेळगावकडे जातो. एकीकडे वाळू, दुसरीकडे खाणी आणि त्यांच्या पाठीशी सह्याद्रीचे रान, अशी ही भूमी आहे. प्रवाशाला उतरवून घेण्याचे निरनिराळे प्रयोग येथे झाले असून त्यांच्यापासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

प्रवाशाला आसरा देणे ही गोष्ट या मातीला नवी नाही. साखळीजवळच्या हरवळे येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. शेकडो पावसाळे त्यांच्यावरून गेले आहेत. गोव्यातील मोठ्या देवालयांच्या आवारात अग्रशाळा असतात आणि तेथे दूरच्या कुळावींना व भाविकांना उतरावयास मिळते. घाटवाटांनी मीठ वर नेणारे व धान्य खाली आणणारे लमाणांचे तांडे झाडाखाली मुक्काम करीत आणि पहाटे उठून चालू लागत. मागे उरत ते तीन दगड आणि चुलीतील राख. पहिल्या पावसात तीही वाहून जाई. त्या काळच्या माणसाला निसर्गरक्षणाचे शास्त्र ठाऊक होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याच्यापाशी सिमेंट नव्हते, मोटरपंप नव्हता आणि प्लास्टिक नव्हते, एवढेच. आज या तिन्ही वस्तू खेडोपाडी हाताशी आहेत. म्हणून पूर्वी जे आपोआप घडत असे ते आता जाणूनबुजून घडवावे लागते.

रानातील निवासाला ‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण लावणे फार सोपे झाले आहे. दाराशी बांबूचे फाटक, भिंतीवर वारली पद्धतीची चित्रे आणि मातीच्या भांड्यात पाणी, एवढ्या भांडवलावर ही पाटी लावता येते. मागील दारी मात्र खोल विंधणविहीर, रात्रभर घरघरणारे जनित्र आणि ओहोळात सोडलेले सांडपाणी असते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार होय. अशा निवासाची खरी पारख करावयाची झाल्यास जमीन, पाणी, उजेड आणि मजुरी या चार खात्यांवर त्याचा हिशेब मांडून पाहावा लागतो.

पहिले खाते जमिनीचे. चोर्ल्याच्या माथ्यावर जांभ्या खडकाचे विस्तीर्ण सडे आहेत. उन्हाळ्यात ते उजाड वाटतात आणि ‘पडीक जमीन’ म्हणून कागदोपत्री त्यांची बोळवण होते. पण या सड्यांवरील मातीचा थर वीतभरही नसतो आणि पाऊस ओसरू लागला की तेवढ्या मातीवर रानफुलांचे गालिचे अंथरले जातात. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी पोटात घेतो आणि खालच्या झऱ्यांना ते हळूहळू पोहोचवितो. या सड्यावर एकदा बुलडोझर फिरला की फुले जातात आणि त्यांच्या मागोमाग खालच्या गावाचे पाणीही जाते. तेव्हा जमीन न सपाट करता खांबांवर उचललेली, उताराला धरून असलेली आणि मोठे झाड आले तर वळसा घालणारी खोली, ही रानातील बांधकामाची पहिली अट आहे.

चोर्ला घाटात, गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या सीमेपाशी, या दृष्टीने उल्लेखनीय असा एक प्रयोग उभा आहे. स्वप्नगंधा खोऱ्याच्या माथ्यावरील ही जमीन खाणीसाठी जाण्याची चिन्हे होती. कॅप्टन नितीन धोंड आणि त्यांचे सहकारी यांनी ती विकत घेऊन वाचविली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे ‘वाइल्डरनेस्ट’ या नावाने प्रवाशांसाठी निवास उभारला. या प्रयोगात दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, खोल्यांसाठी वापरलेले लाकूड. रानातील साग, किंदळ किंवा खैर न तोडता अकेशियाचे लाकूड त्यांनी वापरले. अकेशिया हे मूळचे ऑस्ट्रेलियाकडील झाड. सामाजिक वनीकरणाच्या काळात ते कोकण व गोव्यात हजारोंनी लावले गेले. त्याच्याखाली देशी झुडपे फारशी वाढत नाहीत आणि आपल्या पाखरांना व जनावरांना त्याचा म्हणावा तसा उपयोग नाही. असे परके झाड तोडून त्याचे घर करणे म्हणजे एका कामात दोन कामे साधणे होय. दुसरी गोष्ट अशी की, समोरच्या दरीत कोसळणारा वज्र धबधबा आणि भोवतालचे जंगल हेच तेथील आकर्षण ठरले. रान तुटले की धंदाही बुडाला, असा संबंध तेथे प्रथमपासूनच जुळला. त्याच ठिकाणी म्हादई खोऱ्याच्या अभ्यासासाठी एक संशोधन केंद्रही पुढे सुरू झाले. उपदेशाने जे साधत नाही ते कित्येकदा अशा हितसंबंधाने साधते.

तथापि एका खासगी प्रयोगावर सगळ्या खोऱ्याची भिस्त ठेवता येणार नाही. अशा निवासाचे दर सामान्य शिक्षकाला किंवा कारकुनाला परवडणारे नसतात, आणि रान पाहण्याचा हक्क केवळ धनिकांचा असूही नये. बोंडला व खोतीगाव येथे वनखात्याने प्रवाशांसाठी साध्या खोल्या बांधल्या, त्यांचे महत्त्व येथेच आहे. बोंडल्याचे क्षेत्र अवघे आठ चौरस किलोमीटर, खोतीगावचे सुमारे शहाऐंशी. शाळेतील मुलांना रानात एक रात्र काढता यावी आणि घुबडाचा आवाज ऐकून दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात त्याची चर्चा करावी, यासाठी खोली साधीच पुरते.

दुसरे खाते पाण्याचे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथ्यावर त्याहूनही अधिक. तरी मार्च उजाडला की डोंगरातील झरे रोडावतात आणि एप्रिल-मेमध्ये विहिरींचा तळ दिसू लागतो. प्रवाशांचा हंगाम मात्र ऑक्टोबरापासून मेपर्यंत चालतो. म्हणजे पाणी जेव्हा सर्वांत कमी तेव्हा मागणी मोठी. फवारा, नहाण्याची टाकी, रोज धुतलेल्या चादरी आणि हिरवळ यांचा खर्च अशा वेळी शेजारच्या वाड्यावरील बायकांच्या घागरीतून वसूल होतो. जुन्या गोमंतकीय घरात न्हाणीचे पाणी केळीच्या आळ्यात आणि स्वयंपाकघरातील पाणी अळवाच्या वाफ्यात जात असे; आजही पुष्कळ घरांत जाते. साबण कमी असल्यास ही पद्धत रानातील निवासाला तंतोतंत लागू पडते. छपरावरचे पाणी पावसाळ्यात टाकीत साठवावे, नहाण्यास बादली व तांब्या द्यावा आणि न्हाणीचे पाणी बागेला सोडावे. यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

तिसरे खाते उजेडाचे. याचा धडा मिळतो तो पेडण्याच्या किनाऱ्यावर. मोरजीच्या तेमवाडा भागात, शापोरा नदीच्या मुखाजवळ, ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. साधारणपणे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत हा काळ असतो. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात, तीही बहुधा रात्री. त्यांना वाट दाखविणारे कोणी नसते. चांदण्याने व ताऱ्यांनी उजळलेले पाणी जिकडे चकाकते तिकडे ती धावतात. याच वेळी मागील बाजूस एखाद्या उपाहारगृहाचे प्रखर दिवे लागलेले असले तर पिले समुद्राकडे पाठ फिरवून दिव्यांकडे निघतात आणि पहाटेपर्यंत कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या तोंडी पडतात किंवा सुकून मरतात. एक दिवा विझविण्याची किंमत किती आणि न विझविण्याची किती, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

गेल्या शतकाच्या अखेरीपासून वनखाते स्थानिक लोकांच्या मदतीने मोरजीतील घरट्यांची राखण करीत आले आहे. जानेवारी २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे कासवांचे म्हणून स्वतंत्रपणे नोंदले गेले. नियम झाले, न्यायालयांनीही वेळोवेळी कान उपटले; तथापि रात्रीच्या वाद्यांचा व दिव्यांचा झगडा हंगामागून हंगाम चालूच राहिला. कारण कासव मत देत नाही आणि खोलीचे भाडेही भरत नाही.

त्याच पेडण्याच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मांद्रे, आश्वे, हरमल येथे पावसाळा संपला की बांबू, फळ्या आणि माडाची चुडते यांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि मृगापूर्वी त्या काढल्या जातात. किनाऱ्यालगत पक्के बांधकाम करावयास कायद्याची बंदी असल्यामुळे ही रीत पडली. लग्नासाठी अंगणात माटव घालावा आणि सोहळा उरकताच उतरावा, तसा हा निवास. आषाढात तेथे गेले तर वाळू, लाटा आणि वेली यांखेरीज काही दिसू नये, अशी त्यामागील कल्पना आहे. ही कल्पना अत्यंत मोलाची असून सह्याद्रीच्या पायथ्यालाही ती लागू करता येईल. जो निवास काढता येतो, त्याची चूक सुधारता येते. काँक्रीटची चूक मात्र नातवंडांना वारशात मिळते.

अडचण येते ती कल्पना आणि व्यवहार यांच्यातील अंतराची. वरची झोपडी बांबूची असते. पण तिच्याखाली सिमेंटचा चौथरा ओतलेला असतो आणि पावसाळ्यात झोपडी गेली तरी तो तेथेच राहतो. शौचकूपाचा शोषखड्डा वाळूत खणलेला असतो. वाळूखाली थोड्याच अंतरावर भूजल असते. त्यामुळे खड्ड्यातील घाण नजीकच्या मच्छिमार वाड्याच्या विहिरीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. म्हणून तपासणी करणाऱ्याने झोपडीचे छप्पर पाहण्याआधी तिची जमीन पाहावी आणि स्वागतकक्षाआधी मागील दार पाहावे.

चौथे खाते मजुरीचे. आणि डिचोलीच्या दृष्टीने हेच सर्वांत जिव्हाळ्याचे. या तालुक्याने अनेक दशके खाणींवर संसार चालविला. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे काही काळ चालू होऊन २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर पुन्हा थांबल्या. दारात उभे राहिलेले ट्रक, थकलेले हप्ते आणि बंद पडलेली गॅरेजे हे दृश्य गावोगाव दिसत होते. दुसऱ्या बाजूला, खाणी चालू असताना शेतात आलेला गाळ आणि आटलेल्या विहिरी यांचाही अनुभव याच गावांनी घेतला. २०२२ च्या अखेरीस लिलावांनी पुन्हा खाणपट्टे देण्यास आरंभ झाला आणि त्यांत डिचोलीचा पट्टाही होता. अशा वेळी ‘खाण नको, प्रवासी आणा’ असे सोपे उत्तर देणे अन्यायाचे ठरेल. दहा खोल्यांचा निवास शंभर ट्रकांची भाकरी देऊ शकत नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. परंतु खाणीतील माल एकदाच निघतो आणि रान राखले तर ते दरवर्षी पाहुणा आणते, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा जो काही रोजगार रानातून निघेल तो गावातच राहिला पाहिजे. वाट दाखविणारा, स्वयंपाक करणारी, नाचणी व कोकम विकणारा, कुळागर दाखविणारा, हे सर्व त्याच गावचे असले तर त्या मुक्कामाला अर्थ आहे. गावकऱ्याने केवळ फाटकावर पहारा द्यावा आणि पैसा शहरातील मालकाच्या पेढीत जावा, असा व्यवहार झाला तर खाण आणि निवास यांत गावाच्या दृष्टीने फारसा भेद उरत नाही.

म्हादईची उदाहरणे याचसाठी डोळ्यांपुढे ठेवावी लागतात. सत्तरीतील सुमारे दोनशे आठ चौरस किलोमीटर रान १९९९ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. ज्यांच्या बागायती व गुरचरणी त्या हद्दीत आल्या त्यांच्या मनात तेव्हापासूनच भीती बसली. जानेवारी २०२० मध्ये गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले. गुरे मारली गेल्याच्या रागातून ते घडल्याचे तपासात पुढे आले. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात अनेक ठिकाणी वणवे पेटले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. या वादात कोण बरोबर हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र एक गोष्ट उघड आहे. ज्या गावाला वाघ हा केवळ गुरे नेणारा शत्रू वाटतो, त्या गावात वाघ टिकणार नाही. आणि ज्या गावाला वाघामुळे चार घरांची चूल पेटताना दिसते, ते गाव निदान विचार तरी करील.

केरळातील पेरियार अभयारण्यात हा विचार प्रत्यक्षात आलेला आहे. तेथे रानातून चोरून झाडांच्या साली नेणाऱ्या माणसांना १९९० नंतरच्या काळात समिती स्थापून वाटाडे म्हणून काम देण्यात आले. ज्या आडवाटा त्यांना चोरीसाठी ठाऊक होत्या, त्याच वाटांनी ते पाहुण्यांना नेऊ लागले आणि गस्तही घालू लागले. रानाची माहिती सर्वांत जास्त कोणाला असते, हे ओळखण्याचा हा शहाणपणा होता. सत्तरी, डिचोली व पेडण्याच्या डोंगराळ भागातही असे जाणकार घरोघर आहेत. कोणत्या महिन्यात कोणती अळंबी येते, गवा कोणत्या पाणवठ्यावर उतरतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळते.

यावरून निवास कोठे असावा, याचेही उत्तर मिळते. तो रानाच्या गाभ्यात नसावा. रानाच्या कडेला, गावाच्या अंगणात असावा. सत्तरीच्या देवरायांत वाळकी काटकीही उचलायची नाही असा दंडक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. देवराई सर्वांची होती, पण तिच्यात कोणी घर बांधले नाही. दर्शन घ्यावे आणि आपल्या घरी परतावे, ही रीत होती. आजच्या प्रवाशालाही तीच रीत योग्य आहे. दिवसा रानात जावे, तेही जाणत्या माणसाबरोबर व मोजक्या संख्येने. आणि रात्री गावातील सारवलेल्या ओसरीवर किंवा साध्या खोलीत पाठ टेकावी. जुने, रिकामे पडलेले जांभ्याचे घर दुरुस्त करून पाहुण्याला दिले तर नवा दगडही काढावा लागत नाही. तेरेखोलच्या किल्ल्यासारख्या जुन्या वास्तूत प्रवाशांची सोय केल्याचे उदाहरण पेडण्यातच घडलेले आहे. उभी असलेली भिंत वापरणे, याहून कमी खर्चाचे बांधकाम नाही.

सरकारने नियम करावेत, मालकाने ते पाळावेत, हे सर्व ठीकच. परंतु निम्मा भार पाहुण्याच्या खांद्यावर आहे. रानात येऊन ज्याला शहरातील गारवा, शहरातील उजेड आणि शहरातील गाणी हवी असतात, त्याच्यासाठी मालक ती आणणारच. कारण तो धंदा करीत असतो. पाहुण्याने अंधार मागितला तर दिवे आपोआप कमी होतील. त्याने बादलीभर पाण्यात स्नान केले तर हौद बांधले जाणार नाहीत. त्याने आणलेली बाटली आणि पिशवी परत नेली तर घाटाच्या दरीत कचऱ्याचे ढीग पडणार नाहीत. आपल्या मुलाबाळांना घेऊन पुढच्या सुटीत चोर्ल्याकडे किंवा मोरजीकडे निघणाऱ्या कुटुंबाने खोली ठरविताना भाड्याबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. येथील पाणी कोठून येते? येथील घाण कोठे जाते? आणि येथे काम करणारी माणसे कोणत्या गावची आहेत? ज्या मालकाला ही उत्तरे सहज देता येतील, त्याच्याकडे खुशाल उतरावे. जो उत्तर टाळील त्याच्या दारावरून पुढे जावे. वाटेत एखादे साधे घर नक्की भेटेल.